बटणावरचे शब्द

संगणकाच्या पडद्यावरील खिडकी, बटण, यादी प्रत्येक कार्यप्रणाली आपापल्या रीतीने काढते. म्हणून विंडोजचा प्रोग्राम लिनक्ससाठी पुन्हा लिहावा लागे. नॉर्वेतील दोघांनी १९९१ मध्ये ‘क्यूट’ हा संच रचायला घेतला. प्रोग्राम एकदाच लिहायचा. त्या त्या प्रणालीशी बोलणी संच करतो. आमच्या ठाण्याजवळ, पवईच्या आय. आय. टी.त घडलेला ‘ईसिम’ हा विद्युत्‌मंडलांचा मोफत प्रोग्राम याच संचावर उभा आहे व दोन्हीकडे चालतो.

या संचात बटणांवरील शब्दांचे भाषांतर वेगळ्या फाइलीत ठेवता येते. मराठी शब्द लांबला तर मांडणी जागा करून देते. माझी आई सातवी शिकलेली. इंग्रजी बटणापुढे तिचे बोट थबकते. तंत्राची अडचण उरलेली नाही. सोपे मराठी शब्द हवेत. ते काम आपल्या कला शाखेचेच नव्हे काय?