कार्पेट बसविण्याची हत्यारे घेताना

सातारा, सांगली : कार्पेट अंथरणे आणि कार्पेट बसविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाजम किंवा घोंगडी अंथरली की काम संपते. भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कार्पेट मात्र मापात कापावे लागते आणि जमिनीला घट्ट धरून ठेवावे लागते. महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेले असोत वा सांगली-मिरजेतील कार्यालये, या कामात कारागिराची सारी भिस्त चार-पाच हत्यारांवर असते.

पाश्चात्त्य देशांत लाकडी जमिनीवर भिंतीलगत खिळ्यांची पट्टी ठोकून त्यावर कार्पेट ताणतात. आपल्याकडे शहाबादी, मोझॅक वा टाइल्सची फरशी. तिच्यात खिळा ठोकला तर ती तडकण्याचा धोका. त्यामुळे येथे कार्पेट चिकटविणेच सोयीचे ठरते. साहजिकच परदेशी धाटणीचा महागडा संच घेण्याआधी सुरी, पोलादी पट्टी आणि दातेरी थापी यांवर खर्च करणे शहाणपणाचे.

सुरी घेताना पाते बाहेर काढून दोन बोटांनी हलवून पाहावे. ते मुठीत डुलत असेल, तर कापताना रेषा सुटते आणि बोटही. त्या मापाची सुटी पाती गावातच मिळतात ना, हेही विचारावे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि त्यातून जखमा होतात. पट्टी सरळ आहे की नाही, हे दुकानातच कळते. तिच्या कडेने कागदावर रेघ ओढावी, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांमधून पुन्हा रेघ ओढावी. दोन रेघांत फट दिसली, तर पट्टी परत करावी. थापीचे दात झिजले, की डिंक कमी बसतो आणि कार्पेट फुगते.

खरा प्रश्न गुडघ्यांचा आहे. ताणून बसविण्याच्या कामात गुडघ्याने धक्का देण्याचे एक हत्यार वापरतात. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने १९९० मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, तेथील कामगारांत कार्पेट बसविणारे एक टक्क्याहूनही कमी होते; पण गुडघ्याच्या दुखापतींच्या भरपाई-दाव्यांत त्यांचा वाटा ६.२ टक्के होता. हे हत्यार घ्यायचेच असेल, तर त्याची गादी जाड आणि दात कमी-जास्त करता येणारे असावेत. धक्का गुडघ्याच्या वाटीने नव्हे, तर तिच्या किंचित वरच्या भागाने द्यावा. मोठ्या खोलीसाठी समोरच्या भिंतीला टेकवून तरफेने ताणणारे यंत्र अधिक सुरक्षित. चिकटविण्याच्या कामातही तासन्‌तास गुडघे टेकावे लागतातच. तेव्हा गुडघ्यांच्या गाद्या हत्यारांच्याच यादीत धराव्यात. त्यांवर काटकसर करणारे अनेक जण आढळतात.

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आणखी एका हत्याराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ते म्हणजे लांब दांड्याची खरवडणी. चिकटविलेले भिजके कार्पेट उखडून काढताना तिच्यामुळे कंबर वाचते. दांडा आणि पाते यांचा जोड मात्र नटबोल्टचा घ्यावा, म्हणजे पाते झिजल्यावर बदलता येते.