कर्नलच्या आत कोण?

विंडोज बरी, मॅक बरा की लिनक्स बरं, हा वाद कुठल्याही ऑफिसात पेटवावा तेव्हा पेटतो आणि कधीच मिटत नाही. प्रत्येक जण आपल्या टेबलावरच्या यंत्राची साक्ष काढतो. एकाची विंडोज वर्षभर अडली नाही, दुसऱ्याची आठवड्यातून दोनदा निळी पडते, आणि दोघंही खरंच बोलत असतात. या वादातून काही हाती लागायचं असेल तर नाव-चिन्ह बाजूला ठेवून थेट कर्नलपाशी जायला हवं.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसर आत्ता कोणी वापरायचा, डिस्कवर कोणी लिहायचं हे तो ठरवतो. ब्राउझर, वर्ड, टॅली ही मंडळी त्याच्या बाहेर राहतात. बाहेरचा प्रोग्राम कोसळला तर त्याची खिडकी बंद होते आणि बाकीचं काम चालू राहतं. चूक कर्नलच्या आत झाली तर मात्र सगळं यंत्र थांबतं. चाळीतल्या प्रत्येक खोलीला वेगळा फ्यूज असेल तर एकाच घरात अंधार होतो, नाहीतर सगळी चाळ अंधारात, तसंच हे. स्थिरतेचा सगळा इतिहास म्हणजे हे फ्यूज वेगळे करण्याचा इतिहास आहे.

विंडोज 95 आणि 98 मध्ये ते पुरते वेगळे नव्हते. डॉसचे आणि विंडोज 3.1 चे जुने प्रोग्राम चालले पाहिजेत, ही त्या काळची सक्तीची गरज होती. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने सिस्टीमच्या मेमरीचा काही भाग सगळ्या प्रोग्रामना लिहिता येईल असा उघडा ठेवला. एखाद्याने तिथे चुकून दोन-चार बाइट खरडले की त्याचं प्रायश्चित्त सगळ्यांना. 20 एप्रिल 1998 ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या समोर विंडोज 98 ला स्कॅनर जोडला गेला आणि भरसभेत, यंत्र कोसळल्यावर येणारा निळा पडदा आला.

त्या पिढीबद्दल सगळ्यात बोलकी गोष्ट मला वेगळीच वाटते. या दोन्ही विंडोजमध्ये यंत्र चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक 32 बिटांचा आकडा होता. तो सुमारे 49.7 दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर यायचा आणि यंत्र गोठायचं. विंडोज 95 बाजारात आल्यावर हा दोष उघड व्हायला 1999 उजाडलं. इतके दिवस सलग चालणारं यंत्रच कोणाकडे फारसं नव्हतं!

प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातली खरी भिंत दुसरीकडे बांधली जात होती. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत व्हीएमएस ही भक्कम सिस्टीम घडवणारे डेव्ह कटलर 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि 1993 मध्ये विंडोज एनटी बाहेर पडली. प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र मेमरी, कर्नलच्या जागेत बाहेरच्या कोणाला हात लावता येणार नाही. पण तिला किमान 12 एमबी रॅम लागायची, तेव्हा घरगुती संगणकांवर ती परवडणारी नव्हती. एनटीचा कर्नल घराघरांत पोचला तो 25 ऑक्टोबर 2001 ला, विंडोज एक्सपीच्या रूपाने. आज विंडोज 11 मध्ये चालतो तो त्याच कर्नलचा वंशज.

मग निळा पडदा गेला का नाही? कारण भिंतीच्या आत मायक्रोसॉफ्ट एकटी नव्हती. ग्राफिक्स कार्ड, वायफाय यांचे ड्रायव्हर, म्हणजे या वस्तूंशी बोलणारे प्रोग्राम, बनवतात त्या त्या वस्तूंच्या कंपन्या, आणि हे ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नलच्या आत, पूर्ण अधिकाराने चालतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2003 च्या निबंधात नोंदवलं आहे की एक्सपी कोसळण्याच्या तेव्हाच्या नोंदींपैकी 85 टक्के ड्रायव्हरमुळे होत्या. लिनक्सवाल्यांनी यावर खूश होऊ नये. स्टॅनफर्डच्या 2001 च्या अभ्यासात लिनक्सच्या ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं होतं.

यावरचे उपाय चिवटपणे शोधले गेले. थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात ड्रायव्हरचा कोड न चालवताच त्यातल्या चुका हेरणारं तंत्र उभं केलं. विंडोज व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरचा बराचसा भाग कर्नलच्या बाहेर काढला. याचा परिणाम तुम्हीही पाहिला असेल. काम करता करता पडदा क्षणभर काळा होतो, मग सगळ्या खिडक्या जशाच्या तशा परत येतात आणि कोपऱ्यात सूचना उमटते की डिस्प्ले ड्रायव्हर अडकला होता, आता सावरला. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने तेवढाच भाग नव्याने सुरू केला. हीच चूक एक्सपीत झाली असती तर टाइप केलेलं पान गेलंच असतं. व्हिस्टाला लोकांनी खूप बोल लावले, पण या एका कामाचं श्रेय तिला मिळायलाच हवं.

बाहेरच्यांचा कोड कर्नलच्या आत चालवण्यातला धोका 19 जुलै 2024 ने जगभर दाखवला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो. भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 ला त्यांनी एक छोटी फाइल पाठवली. तिच्यात 21 नोंदींची अपेक्षा होती, कोड पुरवत होता 20. एकविसावी शोधायला तो मेमरीत भलतीकडे गेला आणि कर्नल थांबला. सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. सव्वा तासात फाइल मागे घेतली गेली, पण पडलेली यंत्रं उठेनात. बऱ्याच ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल हाताने काढली. आपल्या विमानतळांवरही त्या दिवशी काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

मॅक त्या दिवशी वाचला, आणि तो नशिबाने वाचला नाही. जुन्या मॅकमध्येही भिंत नव्हती. तिथे निळ्या पडद्याऐवजी ॲपलच्या चित्रकार सुझन केअर यांनी रेखाटलेला बॉम्ब यायचा. 2001 मध्ये ॲपलने तो पाया सोडून युनिक्सच्या घराण्यातली ओएस टेन आणली, आणि 2019 च्या कॅटलिनापासून बाहेरच्यांच्या ड्रायव्हरना कर्नलबाहेर जागा द्यायला सुरुवात केली. क्राउडस्ट्राइक मॅकवर बाहेरच चालत होतं. त्याच कॅटलिनाने 32 बिटांचे सगळे जुने प्रोग्राम मात्र एका फटक्यात बंद केले. जुन्या फॉन्टवर आणि जुन्या सॉफ्टवेअरवर रोजचं काम अवलंबून असलेल्या डीटीपीवाल्याला न कोसळणारा पण त्याचा प्रोग्रामच न उघडणारा संगणक काय कामाचा? या बाबतीत विंडोजइतकं कोणी जपत नाही.

लिनक्समध्ये ड्रायव्हर आतच असतात, पण बहुतेकांचा कोड कर्नलसोबतच राहतो, उघड तपासला जातो आणि कर्नल बदलला की त्याच्याबरोबर दुरुस्त होतो. या शिस्तीचा कळस म्हणजे डेबियन ही लिनक्सवर आधारलेली सिस्टीम. तिथे नवं सॉफ्टवेअर आधी ‘अनस्टेबल’मध्ये जातं, गंभीर दोष न निघाल्यास ‘टेस्टिंग’मध्ये, आणि साधारण दोन वर्षांनी सगळं गोठवून, तपासून ‘स्टेबल’ होतं. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात, अनस्टेबलचं नाव कायम सिड, खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा. या शिस्तीची किंमत म्हणजे प्रोग्राम थोडे जुने मिळतात. ऑफिसच्या कामाला त्याने काही अडत नाही. आपल्या न्यायालयांत ई-कोर्ट प्रकल्पाने डेबियनवरच आधारलेली उबुंटू वापरात आणली, आणि तिथली खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने घडवली आहे. रोज तेच काम करणाऱ्या यंत्राला याहून योग्य घर नाही.

तरी कोणत्याही सिस्टीमच्या माथी न मारता येणारा एक भाग उरतो: हार्डवेअर. गुगलच्या सर्व्हरवरच्या 2009 च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत मेमरीची निदान एक चूक आढळली होती, आणि ते सर्व्हर वातानुकूलित दालनात होते. आपल्याकडे धूळ, दमटपणा आणि वर-खाली होणारा व्होल्टेज. दुरुस्तीवाला कॅबिनेट उघडून रॅम काढतो, तिच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासतो, पुन्हा खाचेत दाबून बसवतो आणि संगणक सुरू होतो. तो बिघाड विंडोजचा नव्हताच.

माझं मत विचाराल तर जुनी सॉफ्टवेअर सोडता येत नसतील तर विंडोज ठेवा. ठरावीक काम असेल आणि यंत्र जुनं असेल तर डेबियन टाका. पैसे असतील आणि दरवर्षीचे बदल झेपत असतील तर मॅक घ्या. आणि विंडोज वारंवार पडत असेल तर ‘फॉरमॅट मारू या’ म्हणणाऱ्याला आधी थांबवा. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ शोधा. तारखेवार आलेख उघडेल, लाल फुलीवर क्लिक केलं की त्या दिवशी काय कोसळलं ते दिसेल. एकाच प्रोग्रामचं किंवा ड्रायव्हरचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर तेवढंच बदला. दर वेळी कारण वेगळं दिसत असेल तर रॅम आणि पॉवर सप्लाय तपासून घ्या. यानंतरही फॉरमॅटच करायची वेळ आली, तर आधी डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.