बोर्ड गेला म्हणण्याआधी

सकाळी १०. साताऱ्यातलं दुकान उघडून झाडलोट होते न होते तोच डीटीपीवाल्या ताई कॅबिनेट घेऊन हजर. "दादा, बटण दाबलं तरी काहीच होत नाही. एकांना दाखवलं, ते म्हणाले मदरबोर्ड गेला, नवीन घ्या."

मशीन पेंटियम फोरचं, विंडोज एक्सपीवर पेजमेकर चालवणारं. लग्नपत्रिकांच्या सगळ्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये, आणि फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक मागच्या पॅरलल पोर्टला. हल्लीच्या मशीनला ते पोर्ट बहुधा नसतंच. नवीन घेऊन ताईंचं काम अडणारच होतं. शिवाय काहीही न मोजता 'बोर्ड गेला' असं सांगणं मला अजिबात पटत नाही. त्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दुरुस्त होणारं मशीन भंगारात जातं.

१०.३०. आधी साध्या गोष्टी. पॉवर कॉर्ड बदलून पाहिली. एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू होता, व्होल्टेजचा लाल खटका २३० वर होता. ब्लोअर मारून धूळ काढली.

११. मल्टिमीटर हातात. जांभळ्या वायरवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत, ते होते. बोर्डाचा कनेक्टर काढून हिरवी आणि काळी वायर जोडली, एसएमपीएसचा पंखा फिरला. पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३, सगळं पाच टक्क्यांच्या आत. पण लोड नसताना मिळालेल्या या आकड्यांवर विसंबू नये. लोड पडला की व्होल्टेज बसतं. म्हणून दुकानातला खात्रीचा एसएमपीएस लावला. तरी मशीन ढिम्म.

११.३०. बटणाची वायर काढून बोर्डावरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. सीपीयूचा पंखा एक झटका देऊन थांबला. म्हणजे बटण गेलंच होतं, पण आत आणखीही काही होतं. हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, रॅम सगळं सोडवलं, झटका तसाच.

१२.३०. टॉर्च धरली आणि दोष सापडला. सीपीयूच्या सॉकेटशेजारी कपॅसिटरची रांग असते. निरोगी कपॅसिटरचा माथा सपाट असतो. इथे चार माथे फुगलेले, एकाची चीर उघडून तपकिरी रस वाळलेला. साधारण १९९९ ते २००७ या काळात बऱ्याच कंपन्यांच्या बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले. त्यांतला द्रव बिघडतो, आत वायू होतो आणि डबी फुगते. मग सीपीयूला स्थिर व्होल्टेज मिळत नाही.

दुपारभर प्रिंटरवाल्यांची वर्दळ.

३.३०. सोल्डरिंग. आधी मोबाइलवर फोटो काढला, कारण उणे बाजूची खूण प्रत्येक बोर्डावर सारखी नसते. उलटा बसला तर कपॅसिटर फुटतो. बोर्डातलं जाड तांबं उष्णता ओढून घेतं, म्हणून जुन्या डागावर ताजं सोल्डर घालून एकेक पाय हळूहळू हलवत सोडवला. घाई केली तर भोकातलं तांबं उपटून येतं आणि मग बोर्ड खरंच जातो. जागी तितक्याच मायक्रोफॅरडचे, १०५ अंशांचे, लो-ईएसआर कपॅसिटर बसवले.

५.३०. रॅमचे संपर्क खोडरबराने पुसले, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलला, रीसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांना लावली. बटण दाबलं. एक छोटा बीप, आणि एक्सपीची निळी पट्टी सरकू लागली. इतक्या वर्षांनंतरही या आवाजाने मला मनापासून आनंद होतो.

७. तासभर पेजमेकर चालवून पाहिलं, सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या आणि मशीन ताईंच्या हवाली केलं.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर कॉर्ड काढून कॅबिनेट उघडा आणि कपॅसिटरचे माथे जरूर पाहा. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. कॉर्ड काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठा असू शकतो.