बाळाची उंची आणि वरणाची वाटी

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि प्रांतोप्रांतींची कुटुंबे, त्यांत मराठीही, तेथे स्थायिक झाली. परंतु ज्या छत्तीसगढात ही उद्योगनगरी उभी आहे, तेथे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शंभरातील सुमारे ३५ बालकांची उंची खुंटलेली आढळली. महाराष्ट्राचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच होते.

"आमचे घराणेच ठेंगणे," असे म्हणून आपण समाधान मानतो. ते पूर्णतः खरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, नॉर्वे, घाना, ओमान, ब्राझील व अमेरिका या सहा देशांतील सुपोषित बालकांची मापे घेतली, तेव्हा त्यांची वाढ जवळपास सारखीच दिसून आली. त्याच आधारावर २००६ साली वाढीची प्रमाणे ठरविण्यात आली.

मग उणीव कोठे राहते? काही अंशी मातेच्या गर्भारपणातील आहारात, आणि पुष्कळदा बाळाच्या वाटीत. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध पुरते. पाणीसुद्धा लागत नाही. त्यानंतर मात्र ते एकटे पुरत नाही. अशा वेळी आपण बाळाला भाताची पातळ पेज किंवा वरणाचे वरचे पाणी पाजतो. इवलेसे पोट पाण्याने भरते, शरीर मात्र उपाशीच राहते.

म्हणून अन्न दाटसर असावे. चमचा तिरपा केला तरी चटकन ओघळू नये. मऊ खिचडी, घट्ट वरण-भात, त्यात चमचाभर तूप किंवा तेल, कुसकरलेले अंडे, आणि छत्तीसगढात ज्याला मुनगा म्हणतात त्या शेवग्याचा शिजवून वाटलेला कोवळा पाला, हे सारे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळास देता येते. आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा आणि पुढे तीन-चार वेळा भरवावे. दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूधही चालू ठेवावे. भरविण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण वारंवार होणारे जुलाब खाल्लेले अंगी लागू देत नाहीत. आजारातही अन्न तोडू नये.

बाळ गुटगुटीत दिसले तरी अंगणवाडीत वजनाबरोबर त्याची उंचीही मोजून घ्यावी. पहिल्या दोन वर्षांत हुकलेली वाढ पुढे भरून काढणे फार कठीण असते, आणि उंचीबरोबर बुद्धीच्या विकासाचीही हानी होण्याचा संभव असतो. ही हानी टाळण्यास महागड्या डब्यांची गरज नाही. घरच्या वरणाचे पाणी मोठ्यांनी घ्यावे आणि तळाची दाट डाळ बाळाच्या वाटीत वाढावी.