‘तंबाखू नाही, नुसती मशेरी!’ : पेशींची दुरुस्ती आणि डॉ. कमल रणदिवे यांचे काम

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही आरोग्याची बैठक घेतो. पिंपरीतल्या एका वस्तीत अशाच बैठकीत मी विचारले, “तंबाखू कोण कोण खातं?” पुरुषांच्या बाजूने चार-पाच हात वर झाले. बायकांच्या बाजूने एकही नाही. पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “सिस्टर, आम्ही कुठं तंबाखू खातो? नुसती मशेरी लावतो.” सगळ्याजणी हसल्या. मग मशेरी लावणाऱ्यांना हात वर करायला सांगितले, तेव्हा निम्म्या बायकांचे हात वर गेले.

माता-भगिनींनो, मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. कुणी तिला मिसरी म्हणते. दात घासायला म्हणून सुरुवात होते. मग सकाळी एकदा, दुपारी एकदा, झोपताना एकदा. नाही लावली तर डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. याला व्यसन म्हणतात. ही मशेरी आणि तंबाखू शरीरात काय करते, ते शोधण्यात आपल्या महाराष्ट्रातल्या संशोधकांचा मोठा वाटा आहे. त्यांत पहिले नाव डॉ. कमल रणदिवे यांचे.

पुण्याच्या कमलताई

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागा, फर्ग्युसन आणि पुण्याचे शेतकी कॉलेज असे त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी आपल्या आया-आज्यांना शाळेचे दारही बंद होते, हे विसरायचे नाही. पण मिळालेले शिक्षण कमलताईंनी कुठे वापरले, तेही पाहिले पाहिजे.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. परळच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कर्करोगावर काम केले आणि १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर शहरात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवायला शिकल्या. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशी प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध सुरुवातीलाच ओळखणाऱ्यांत त्या होत्या. १९७६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखूचे प्राण्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्याच परळच्या कर्करोग संशोधन संस्थेतून हे काम पुढे चालले. १९८८ मध्ये डॉ. एस. व्ही. भिडे यांच्या गटाने खास मशेरीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या प्राण्यांच्या खाण्यात मशेरी मिसळली, त्यांच्या जठरात गाठी झाल्या. १९९० च्या दशकात डॉ. रजनी भिसे यांच्या गटाने विडीची तंबाखू हाताळणाऱ्या कामगारांच्या पेशी तपासल्या. तंबाखू तोंडात न घालता नुसती हाताळून, तिची धूळ नाकात जाऊनही पेशींतल्या गुणसूत्रांची मोडतोड वाढलेली दिसली.

डॉ. गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी वाढवल्या गेल्या. लहानपणापासून तंबाखूच्या शेतात राबलेली ती बाई गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने ३१ व्या वर्षी गेली. पेशी घेताना तिला कुणी विचारलेही नाही. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्या पेशी वापरतात. विडी कामगारांचे रक्त असो की हेन्रिएटाच्या पेशी, कष्टकऱ्यांच्या शरीरातून मिळालेले ज्ञान कष्टकऱ्यांच्या घरी पोचलेच पाहिजे. हे पान त्यासाठीच आहे.

पेशीतली क्यूसी

आता ही मोडतोड म्हणजे काय, ते समजून घेऊ. प्रत्येक पेशीत डीएनए असतो. शरीर कसे घडवायचे, याची ती वही समजा. सुमारे ३०० कोटी अक्षरे, आणि वहीच्या दोन प्रती : एक आईकडून, एक बापाकडून. पेशीची दुसरी पेशी होताना ही सगळी वही उतरवून काढावी लागते.

एका पेशीतल्या वहीत रोज हजारो ठिकाणी बिघाड होतात. उन्हाने होतात, धुराने होतात, शरीरातल्या नेहमीच्या कामानेही होतात. तरी आपण धडधाकट राहतो, कारण पेशीत दुरुस्तीची व्यवस्था आहे. चाकणच्या कंपनीत लाइनवर उभ्या राहणाऱ्या आपल्या पोरांना क्यूसी ठाऊक आहे. खराब पार्ट बाजूला काढायचा, दुरुस्त करायचा, मगच पुढे सोडायचा. पेशीतली काही प्रथिने हेच काम करतात. खराब अक्षर कापून काढतात, योग्य अक्षर बसवतात. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल २०१५ मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले. त्यांतले अझीझ संजार तुर्कस्तानातल्या सावूर या लहान गावचे. आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, आठ भावंडांत ते सातवे. त्या आई-वडिलांनी मुलांना शिकवले.

तंबाखूतली विषारी द्रव्ये डीएनएला जाऊन चिकटतात. मशेरीत भाजल्यामुळे आणखी विषाची भर पडते. दुरुस्तीवाले काम करतात, पण दिवसातून चार वेळा मशेरी घासली तर काम साचत जाते. त्यात घासून घासून हिरडी आणि गाल सोलतात, म्हणून तिथल्या पेशी घाईने वाढतात. दुरुस्ती होण्याआधीच वही उतरवली गेली, तर चूकही उतरते. मग ती चूक पुढच्या प्रत्येक पेशीत जाते. अशा चुका वर्षानुवर्षे साठल्या आणि पेशीची वाढ थांबवणारी अक्षरेच बिघडली, की कर्करोग होतो.

मागच्या जन्माचे पाप नव्हे

काही घराण्यांत दुरुस्तीचे जनुकच कमजोर येते. १९९४ मध्ये सापडलेले ‘बीआरसीए-१’ हे असेच जनुक. ते बिघडलेले असेल तर स्तनाचा आणि बीजांडाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. पण बहुतेक कर्करोग असे वारशाने येत नाहीत. आणि वारशाने आलेला असला तरी तो ना करणी, ना पाप. मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. आजाराला कारण असते आणि कारण शोधता येते. आई, मावशी किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर लपवू नका, डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता काय करायचे?

मशेरी आणि तंबाखू आजच सोडायला लागा. साठीच्या आजींनीही सोडावी. रोजचे विष थांबले की दुरुस्तीवरचा भार कमी होतो आणि वर्षागणिक धोका उतरत जातो. पहिले काही दिवस जड जातात. तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारी सरकारी हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. नाइट शिफ्टला झोप येऊ नये म्हणून पुडी ठेवणाऱ्या भावांसाठीही तीच.

आरशासमोर तोंड उघडून बघा. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, किंवा तीन बोटे आत जाणार नाहीत इतके तोंड आखडलेले असेल, तर थांबू नका. स्तनात गाठ लागली, ती दुखत नसली, तरी दाखवा. तिशीच्या पुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. मोठ्या तपासणीसाठी पिंपरीत वायसीएम आहे. कर्करोगाचा उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना मशेरीची डबी पदराआड लपवू नका, सोबत आणा. सोडायचे कसे, ते बसून ठरवू.

जयभीम, नमो बुद्धाय.