मार पचवणारी माणसं

२९ मार्च १९६६ च्या रात्री टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये जॉर्ज चुवालो पंधरा फेऱ्या महंमद अलीसमोर उभा राहिला. सामना मुळात त्याचा नव्हताच. अलीची लढत शिकागोत एर्नी टेरेलशी ठरली होती. व्हिएतनाम युद्धावर अली जे बोलला त्यावरून गदारोळ झाला, शिकागोनं हात झटकले, पाठोपाठ इतर शहरांनीही झटकले आणि शेवटी टेरेलही बाजूला झाला. मग ऐन वेळी पुढे केला गेला टोरोंटोचा हा क्रोएशियन वंशाचा पोरगा. त्याचा बाप कत्तलखान्यात राबायचा. हा जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, आणि तो जिंकलाही नाही. पण पंधरा फेऱ्यांत एकदाही खाली गेला नाही. आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत सर्वांत चिवट हाच, असं अली पुढे सांगत असे.

चुवालो एकूण ९३ व्यावसायिक लढती लढला. ७३ जिंकला, १८ हरला, २ बरोबरीत सुटल्या. १९६७ मध्ये जो फ्रेझिअरनं त्याच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं आणि चौथ्या फेरीत लढत थांबवावी लागली. १९७० मध्ये जॉर्ज फोरमननं तिसऱ्या फेरीत असा काही धुतला की रेफरी मध्ये पडला. दोन्ही वेळी हा गडी आपल्या पायांवरच उभा होता. हेवीवेट गटातले त्या काळचे सर्वांत जबर हात त्याच्या तोंडावर बसले, आणि ९३ लढतींत एकदाही त्याची पाठ किंवा गुडघा जमिनीला लागला नाही.

हे जमतं कसं? बॉक्सिंगच्या आखाड्यात याचं उत्तर एका शब्दात मिळतं: चिन. म्हणजे हनुवटी. कुणाची हनुवटी लोखंडी, कुणाची काचेची, आणि जी आहे ती आईच्या पोटातूनच आणलेली. उत्तर सोयीचं आहे, पण हनुवटीच्या हाडाचा यात फारसा संबंध नाही. ३१ मार्च १९७३ ला सॅन डिएगोत केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडला. तुटक्या जबड्यानिशी अली बाराव्या फेरीअखेरपर्यंत लढला आणि गुणांवर हरला. हाड मोडलं, माणूस पडला नाही. उलट, जबड्याला ओरखडाही न उमटता बेशुद्ध झालेले बॉक्सर ढिगानं आहेत.

१९८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा प्रयोग छापून आला. फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश हेवीवेटला मोजमापाची यंत्रं लावलेल्या, टांगलेल्या लक्ष्यावर ठोसा मारायला लावलं होतं. मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगानं आली, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. आघाताचा जोर भरला सुमारे ४०० किलो वजनाइतका. आकडा वाचून वाटतं, एवढं बसल्यावर कवटी फुटायला हवी. ती फुटत नाही. एवढ्याशा वेळापुरता आलेला दाब कवटी सहज सोसते. खरी गडबड होते ती डोकं फिरल्यामुळे.

ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ मध्येच हे मांडलं होतं. मेंदूसारखा लिबलिबीत पदार्थ दाबाला दाद देत नाही, पण पीळ पडला की त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. पाण्यानं भरलेलं पातेलं गर्रकन फिरवलं तर पातेलं फिरतं, आतलं पाणी क्षणभर जागीच राहतं. तसाच मेंदू कवटीच्या मागे पडतो आणि मज्जातंतूंचे लांब धागे ताणले जातात. १९७४ मध्ये ओमाया आणि जेनारेली यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत (आज असे प्रयोग करू दिले जाणार नाहीत, हे बरंच आहे) डोकं सरळ रेषेत हलवलं तेव्हा माकडं शुद्धीवर राहिली, डोकं फिरवलं तेव्हा बेशुद्ध झाली. ताणलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि जागेपण सांभाळणारी मेंदूच्या देठातली यंत्रणा काही सेकंद बंद पडते.

हनुवटी बदनाम झाली ती यामुळे. मान ज्या आसावर फिरते त्यापासून चेहऱ्याचं सर्वांत लांबचं टोक म्हणजे हनुवटी. तिथं बाजूनं हुक बसला की थोड्या जोरातही डोकं झटक्यात फिरतं. कपाळावर बसलेला तेवढाच ठोसा बरेचदा मारणाऱ्याचीच बोटं मोडतो. म्हणून प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून ओरडत असतात, हनुवटी छातीशी, दात घट्ट, नजर समोर.

यातली नजर सर्वांत महत्त्वाची. माणसाला पाडतो तो बहुधा न दिसलेला ठोसा. येणारा ठोसा दिसला की मानेचे स्नायू आधीच आवळले जातात. डोकं आणि धड मग मिळून मार घेतात आणि डोक्याचा झटका कमी होतो. कसलेला बॉक्सर त्यापुढे जाऊन ठोशाच्या दिशेनंच किंचित वळतो. प्रेक्षकांना दिसतं की ठोसा बसला. आत पोचलेला असतो निम्माच. मानेच्या ताकदीबद्दल अमेरिकेत शाळकरी खेळाडूंचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेची ताकद एका पौंडानं वाढली की कन्कशनची, म्हणजे डोक्याला झटका बसून मेंदूला होणाऱ्या इजेची, शक्यता ५ टक्क्यांनी उतरते, असा त्याचा निष्कर्ष होता. ही मुलं फुटबॉल, बास्केटबॉल, लॅक्रॉस खेळणारी होती, बॉक्सर नव्हती. तरी तालमीत मानेवर घाम गाळणाऱ्या आपल्या पैलवानांना यात नवल वाटू नये.

मग उपजत काहीच नसतं का? असतं. युक्रेनच्या क्लिच्को बंधूंकडे पाहा. एकाच आईबापाची मुलं, दोघंही साडेसहा फुटांच्या आसपास, दोघंही जगज्जेते. थोरला विताली ४७ लढतींत एकदाही खाली पडला नाही. धाकटा व्लादिमीर मात्र २००३ मध्ये कोरी सँडर्सकडून आणि २००४ मध्ये लेमन ब्रूस्टरकडून पार झोपला. जाणकारांनी त्याची कारकीर्द संपल्यातच जमा केली होती. पण प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डनं त्याला लांब डाव्या जॅबमागे राहायला आणि कुणी जवळ आलाच तर त्याला मिठीत आवळायला शिकवलं. पुढे तो नऊ वर्षांहून जास्त काळ जगज्जेता राहिला. सामने बघवत नसत इतके कंटाळवाणे, पण हनुवटी बदलता येत नसेल तर तिथवर ठोसा पोचू न देणं हाच शहाणपणा.

एकाच माणसाची सहनशक्तीही कायम एकसारखी राहत नाही. ब्रिटनचा आमिर खान २००८ मध्ये ब्रिडिस प्रेस्कॉटसमोर मँचेस्टरला ५४ सेकंदांत आडवा झाला. दोनच वर्षांनी लास व्हेगासमध्ये मार्कोस मायदानानं दहाव्या फेरीत त्याला हलवून सोडलं, तरी तो उभा राहिला आणि जिंकला. थकवा, वजन उतरवण्यासाठी घटवलेलं शरीरातलं पाणी, वय, असं बरंच काही यात येतं. रॉय जोन्स ज्युनिअरला ऐन भरात कुणी धड हात लावू शकत नव्हतं. त्याची हनुवटी कशी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. २००४ मध्ये, पस्तिशीत, हालचाल किंचित मंदावली आणि एकाच वर्षात टार्व्हरनं आणि मग ग्लेन जॉन्सननं त्याला झोपवलं. आपल्याकडचं उदाहरण पणजीचं. १९ मार्च २०२१ ला मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर विजेंदर सिंग रशियाच्या आर्तिश लोप्सानशी लढला. व्यावसायिक लढतींत तोवर तो १२ पैकी १२ जिंकला होता. वय ३५, मध्ये वर्षाहून जास्त खंड, समोरचा चांगलाच उंच. पाचव्या फेरीत लढत थांबली आणि विजेंदर हरला.

इथवर मार पचवणं ही कमाईची गोष्ट वाटते. माझा आक्षेप पुढे आहे. पडणं न पडणं एक, आणि इजा होणं न होणं वेगळं. पडलेल्याला रेफरी आकडे मोजून वेळ देतो, लढत थांबवतो. त्याची रात्र तिथं संपते. न पडणारा पुढचे दोनशे ठोसे खातो. नेवार्कचे डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये बॉक्सरांच्या मेंदूविकारावर पहिला गाजलेला निबंध लिहिला. हा विकार कुणात दिसतो, तर बचाव कच्चा ठेवून समोरच्याचा मार खात एका दणक्याची वाट बघणाऱ्यांत, आणि सरावासाठी मार खायला ठेवलेल्या दुय्यम बॉक्सरांत, असं त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. मार खाण्याबद्दल ज्यांचं कौतुक होतं तेच हे लोक. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबर्ट्स यांनी २२४ निवृत्त व्यावसायिक बॉक्सर तपासले. ३७ जणांमध्ये मेंदूच्या इजेची लक्षणं मिळाली.

जेरी क्वारीला चुवालोनं १९६९ मध्ये सातव्या फेरीत बाद केलं होतं. अंगावर ठोसे झेलत लढणारा म्हणून क्वारी लोकांचा लाडका. शेवटी शेवटी त्याला स्वतःचे कपडे घालता येत नव्हते. १९९९ मध्ये, ५३ व्या वर्षी, तो गेला. खुद्द अलीचंही तेच. तरुणपणी तो पायांवर नाचत ठोसे चुकवायचा. व्हिएतनाम युद्धाला केलेल्या विरोधापायी आलेल्या बंदीत साडेतीन वर्षं गेल्यावर पाय जड झाले, तेव्हा त्याला आपण मार पचवू शकतो हा शोध लागला. १९७४ मध्ये किन्शासात दोराला रेलून त्यानं फोरमनला थकेपर्यंत मारू दिलं आणि आठव्या फेरीत पाडलं. जगानं टाळ्या वाजवल्या. सरावातही तो जोडीदारांना स्वतःला मारू देत असे, सवय राहावी म्हणून. मेंदूला अशी सवय होत नाही. १९७७ मध्ये एर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी निवृत्त हो म्हणून सांगितलं, मूत्रपिंडाचे अहवाल धाडले. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून तेच निघून गेले. अली त्यानंतरही चार लढती लढला. १९८४ मध्ये, ४२ व्या वर्षी, त्याला पार्किन्सनची लक्षणं असल्याचं निदान झालं. ते सगळं ठोशांमुळेच, असं डॉक्टर एकमुखानं म्हणत नाहीत. पण ठोसे निरुपद्रवी होते असंही म्हणत नाहीत.

हेल्मेटनं हे टळेल असं अनेक पालकांना वाटतं. हेडगार्ड भुवई फाटण्यापासून वाचवतं, डोकं फिरण्यापासून नाही. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं पुरुषांसाठी ते २०१३ मध्ये काढूनच टाकलं आणि रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविना लढले. ग्लोव्हजचंही तसंच: ते वाचवतात मारणाऱ्याचा हात.

चुवालोच्या पदरी पुढे वेगळंच आलं. व्यसन आणि आत्महत्या यांत त्याची तीन मुलं आणि बायको गेली. तरी तो शाळाशाळांतून फिरून मुलांना अमली पदार्थांपासून दूर राहा म्हणून सांगत राहिला. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंश झाला.

तुमची मुलगी किंवा मुलगा बॉक्सिंगला जात असेल तर प्रशिक्षकांना विचारा: जोरदार स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, आठवड्यातून किती वेळा असतं, आणि पोर ठोसा खाऊन डळमळलं तर त्या दिवशी ते पुन्हा रिंगमध्ये उतरतं का? 'आमची पोरं मार खायला घाबरत नाहीत' असं उत्तर मिळालं तर दुसरा क्लब शोधा. आणि डोक्याला मार बसल्यावर डोकेदुखी, उलटी, विसरभोळेपणा किंवा नेहमीपेक्षा जास्त झोप दिसली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा.