कोठ्याची कुरकूर

दिवाळी अंकात हा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडोत बापड्या! चकल्या, कडबोळी, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू यांच्यावर घरोघरी चार दिवस यथेच्छ ताव मारला जातो, आणि भाऊबीज उलटली की माझ्या दवाखान्याच्या बाकावर तीच मंडळी आंबट चेहऱ्याने बसलेली दिसतात. "डॉक्टर, पोट साफ होत नाही हो!" दादरला तीस वर्षांवर दवाखाना चालवतो आहे, सर्दी-पडशाच्या खालोखाल ऐकलेली तक्रार हीच. फरक एवढाच की, सर्दीविषयी माणूस चारचौघांत बोलतो आणि कोठ्याविषयी दार लोटून, आवाज खाली आणून बोलतो. पुष्कळ जण तर तेवढेही बोलत नाहीत, आणि खरा धोका तिथेच आहे.

रोज एकदा झालेच पाहिजे काय?

आपल्याकडची सर्वांत बळकट समजूत म्हणजे, रोज सकाळी एकदा पोट साफ झालेच पाहिजे. नाही तर आतले विष अंगात भिनते. तसे काही नाही. दिवसातून तीन वेळा जाणाऱ्यापासून आठवड्यातून तीन वेळा जाणाऱ्यापर्यंत सारी माणसे निरोगी असू शकतात. एक दिवसाआड पण विनासायास जाणारा गृहस्थ ठणठणीत समजावा. उलट, रोज जाऊनही अर्धा तास कुंथणारा आणि उठल्यावर 'अजून राहिलेच' असे वाटणारा माणूस बद्धकोष्ठाचा रोगी असतो.

१९९७ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मलाच्या रूपांचे सात प्रकार पाडून प्रसिद्ध केले. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा, सातवा निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा, म्हणजे सलग व मऊसर, हे उत्तम. तेव्हा वार मोजण्यापेक्षा रूप पाहावे, हे बरे.

वार मोजण्याच्या नादात माणूस रेचकाच्या फेऱ्यात सापडतो. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी मुलांना रांगेत उभे करून एरंडेल पाजण्याचा सोहळा घरोघरी होई. आता एरंडेलाची जागा सोनामुखीच्या चूर्णांनी आणि गोळ्यांनी घेतली आहे. पण एकदा आतडे धुऊन निघाले की ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागायचेच. दुसऱ्या दिवशी काही झाले नाही की माणूस घाबरतो आणि पुन्हा चूर्ण घेतो. रेचक अधूनमधून घ्यायला हरकत नाही. परंतु स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे जुलाब करून घेतल्यास शरीरातले क्षार कमी होतात व अशक्तपणा येतो.

वेग का मारावा लागतो?

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज सुमारे दीड लिटर पातळ द्रव्य उतरते. मोठे आतडे त्यातले बहुतेक पाणी शोषून घेते. मल जितका वेळ आत राहील तितका तो कोरडा आणि कठीण होतो. आता आतड्याची हालचाल सर्वांत जोमदार केव्हा असते? सकाळी उठल्यावर आणि पोटात काही पडल्यावर. चहानंतर हाक येते ती यामुळेच. पण नेमकी त्याच वेळी सात-बाराची लोकल गाठायची असते! चाळीत सामाईक संडासापुढे रांग; शाळेत मुलींच्या संडासाची अवस्था अशी की घरी येईपर्यंत दम धरावा लागतो; घरातली गृहिणी सर्वांचे डबे भरून होईपर्यंत स्वतःची हाक परतवून लावते. अशी हाक रोज मारली की ती हळूहळू मंदावते. पुष्कळ बायकांच्या बद्धकोष्ठाचे मूळ त्यांच्या आहाराइतकेच या सकाळच्या धांदलीत आहे, हे घरातल्या पुरुषांनी लक्षात घ्यावे.

उपाय साधेच

सकाळी कोमट पाणी किंवा चहा घेतल्यावर दहा मिनिटे राखून ठेवा. झाले तर उत्तम, न झाल्यास कुंथत बसू नका. घरात कमोड असेल तर पायांखाली एखादा बुटका चौरंग घ्या. गुडघे कंबरेच्या वर आले की गुदाशयाला वळसा घालणारा स्नायू सैलावतो व वाट सरळ होते. आपल्या उकिडव्या बैठकीत ही सोय आपसूकच असते.

आहारात दिवसाकाठी पंचवीस ते तीस ग्रॅम चोथा हवा. शंभर ग्रॅम कणकेत तो सुमारे अकरा ग्रॅम असतो, मैद्यात तिनाच्या आत! ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, पेरू, अंजीर हे आपले जुने सोबतीच आहेत. मात्र चोथा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम वाढवल्यास पोटात गुबारा धरतो. इसबगोल म्हणजे एका वनस्पतीच्या बियांचे टरफल. ते पाणी धरून फुगते, म्हणून मोठा पेलाभर पाण्यातच घ्यावे; कोरडे मुळीच गिळू नये. रोज अर्धा तास चालणे हेही औषधच.

कुणाला कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब आणि संडासला गेल्यावर पोटदुखी कमी, असा लपंडाव असतो. तो त्रासदायक खरा, पण जिवावरचा नाही; आतडे हळवे असते एवढेच. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामके, मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य यांनीही कोठा जड होतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कडक मलाच्या गाठीभोवतून पाणी झिरपते. त्याला जुलाब समजून बंद करण्याचे औषध देऊ नये.

आता कुजबुज पुरे!

एक निवृत्त गृहस्थ दीड वर्ष 'मूळव्याध आहे' म्हणून जाहिरातीतले मलम लावत होते. रक्त जाते हे त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. माझ्याकडे आले तेव्हा चेहरा पांढराफटक आणि वजन उतरलेले. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, आणि तो तोवर यकृतापर्यंत पोचला होता. त्याच वर्षी एक शिक्षिका पंधरा दिवसांतच आल्या. रोगाचे नाव तेच; पण शस्त्रक्रियेने त्या बऱ्या झाल्या व आजही शाळेच्या संमेलनाला हजर असतात. दोघांत अंतर होते ते लाजेचे.

म्हणून मलातून रक्त जाणे, मल डांबरासारखा काळा होणे (लोहाच्या गोळ्यांनीही तो काळा होतो, पण खात्री डॉक्टरांना करू द्या), विनाकारण वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास सवयीत अचानक पडलेला आणि टिकलेला फरक, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काहीही असल्यास चूर्णाची पुडी बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. पोट फुगून ओकाऱ्या होत असतील व वाराही सरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तोवर फराळ खुशाल करा. चिवड्यासोबत एखादा पेरूही कापून ठेवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा आडवळण न घेता विचारा, "बाबा, पोट बरे आहे ना?"